खोडता न येणारा खडू: फ्रागोनारच्या सायप्रसचं प्रकरण

फ्रान्सच्या पूर्वेला, स्वित्झर्लंडच्या हद्दीपासून फार लांब नाही, असं बेझाँसों नावाचं शहर आहे. तिथल्या म्युझियममध्ये ड्रॉइंग्जचा मोठा संग्रह आहे आणि त्यात एक कागद आहे ज्याने मला गेली कित्येक वर्षं धरून ठेवलंय. उंची साधारण अर्धा मीटर, रुंदी त्याहून कमी, रंग एकच, लाल. दोन्ही बाजूंनी सायप्रसची झाडं (आपल्याकडचे सुरू नव्हेत, हे वेगळे, जाड बुंध्याचे आणि काळपट गच्च पानांचे) इतकी उंच गेलीयत की जवळजवळ सगळा कागद त्यांनीच भरून टाकलाय, मधून एक वाट वर चढत जाते, वाटेच्या टोकाला एक वाडा दिसतो, आणि खाली जमिनीवर माणसं आहेत, ती मुंगीएवढी. चित्रकार ज्याँ-ओनोरे फ्रागोनार. जागा इटलीतल्या तिव्होलीची व्हिला देस्ते. वर्ष 1760.

मी मुलांना ड्रॉइंग शिकवते, एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी करणारी मुलं शनिवारी येतात. हे चित्र दाखवलं की दरवेळी कुणीतरी विचारतंच, मॅडम हे स्केच आहे ना, मग फायनल कुठेय? हा प्रश्न मोठी माणसंसुद्धा विचारतात. म्हणून म्हटलं एकदा हे सगळं प्रकरण पहिल्यापासून नीट लिहून काढावं, कारण माझं ठाम मत आहे की हेच फायनल आहे, आणि ते एवढं चांगलं झालं त्यामागे त्या लाल खडूचाच मोठा हात आहे.

सुरुवात माणसापासून करते. फ्रागोनार 1732 चा, दक्षिण फ्रान्समधल्या ग्रासचा. पॅरिसला बूशे या नामांकित चित्रकाराकडे शिकला आणि 1752 मध्ये, म्हणजे विशीतच, त्याने रोमचं बक्षीस जिंकलं, प्री द रोम. हे बक्षीस म्हणजे राजाच्या खर्चाने रोमला राहून शिकायची संधी. मध्ये काही वर्षं पॅरिसमध्येच निवडक विद्यार्थ्यांच्या शाळेत काढली आणि 1756 च्या डिसेंबरमध्ये तो रोमला पोचला. तिथे फ्रेंच अकादमी पालाझ्झो मान्चिनी नावाच्या वाड्यात होती आणि तिचे संचालक होते शार्ल नातुआर, स्वतः चित्रकार. नातुआर दर थोड्या दिवसांनी पॅरिसला मारीन्यी साहेबांना पत्र लिहायचे, हे मारीन्यी म्हणजे मादाम द पाँपादूरचे भाऊ आणि राजाच्या बांधकाम आणि कलाखात्याचे प्रमुख. विद्यार्थी काय करतोय, कसा करतोय, सगळा रिपोर्ट. ही पत्रं आज उपलब्ध आहेत आणि त्यांच्यामुळेच हे प्रकरण इतकं जवळून बघता येतं, नाहीतर अडीचशे वर्षांपूर्वीच्या विद्यार्थ्याची प्रगती कोण सांगणार.

आणि रिपोर्ट काही बरा नव्हता. पॅरिसला पाठवलेलं काम तिथल्या लोकांना फिकं वाटलं, अती जपून केलेलं, गोडगोड. 1758 मध्ये नातुआर लिहितात त्याचा आशय असा की मुलात गुण आहेत, पण हा क्षणात एक ठरवतो आणि क्षणात दुसरं, त्यामुळे काम एकसारखं होत नाही. त्याला मोठ्या मास्टर लोकांच्या कॉपी करायला बसवलं होतं, पिएत्रो दा कोर्तोनाचं चर्चमधलं एक मोठं चित्र त्यात होतं. म्हणजे सरकारी खर्चाने रोमला आलेला, बक्षीस मिळवलेला, पंचविशी ओलांडलेला माणूस, आणि वरचे लोक काळजीत की याचं काही होणार की नाही.

याच्या जोडीला मारिएतचं एक निरीक्षण वाचलं पाहिजे. पिएर-ज्याँ मारिएत हा त्या काळातला पॅरिसचा सगळ्यात जाणकार ड्रॉइंग-संग्राहक, त्याने चित्रकारांवर टिपणं लिहून ठेवली. फ्रागोनारबद्दल तो म्हणतो की हा भित्रा आहे, भीती त्याचा हात धरून ठेवते, स्वतःच्या कामावर कधीच खूश नसतो, खोडतो आणि परत परत त्याच जागी येतो, आणि या सवयीने गुणाचं नुकसान होतं. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा थांबलेच. कारण आज फ्रागोनार म्हटलं की लोकांना झरझर, बिनधास्त, एका दमात काढणारा हातच आठवतो, आणि त्याला बघितलेला, चित्रं कळणारा माणूस सांगतोय की हा खोडणारा होता!

हे वाक्य डोक्यात ठेवा, यावर परत येणार आहे.

आता 1760 चा उन्हाळा. रोममध्ये एक श्रीमंत फ्रेंच रसिक आलेला होता, आबे द सँ-नों. नावाला धर्मगुरू, पण जीव सगळा चित्रांत आणि एचिंगमध्ये (म्हणजे धातूच्या प्लेटवर आम्लाने रेघा कोरून चित्र छापणं), स्वतःही प्लेटवर काम करायचा. तो 1759 पासून इटलीत फिरत होता, वसंतात ह्युबेर रोबेरला घेऊन नेपल्सच्या बाजूला जाऊन आला होता (रोबेर हा फ्रागोनारपेक्षा एका वर्षाने लहान, 1754 पासून रोममध्येच, पुढे भग्न इमारतींच्या चित्रांसाठी प्रसिद्ध झाला). उन्हाळ्यात सँ-नोंला तिव्होलीची व्हिला देस्ते राहायला मिळाली आणि तो फ्रागोनारला तिथे घेऊन गेला.

व्हिला देस्ते तेव्हा कशी होती हे समजून घेणं फार महत्त्वाचं आहे. रोमच्या पूर्वेला तीसेक किलोमीटरवर डोंगराच्या उतारावरची ही बाग कार्डिनल इप्पोलितो देस्तेने 1550 नंतर उभारायला घेतली, आराखडा पिर्रो लिगोरिओचा. आनिएने नदीचं पाणी वळवून आणून नुसत्या उताराच्या जोरावर चालणारी कारंजी, ओळीत लावलेली झाडं, प्राचीन पुतळे, सगळं काटेकोर. पण 1760 पर्यंत मालक मोडेनाचे ड्यूक, ते लांब, त्यांचं लक्ष नाही. पुतळे विकले जात होते, कठड्यांवर वेली चढलेल्या, कापून नीट ठेवायची झाडं मोकाट सुटलेली. आज टुरिस्टला जी बाग दिसते, 2001 पासून युनेस्कोच्या यादीतली, ती दुरुस्त केलेली आणि राखलेली आहे. फ्रागोनारने पाहिली ती हातातून सुटलेली बाग. खालचा सांगाडा भूमितीचा, पायऱ्या, कठडे, सरळ वाट, आणि त्याच्यावर दोनशे वर्षांचं रान.

ज्याला कुणी गढीत किंवा जुन्या वाड्याच्या मागच्या परसात बसून काढलंय त्याला माहितीये की अशी जागा काढायला किती अवघड असते. सरळ रेषा आहे पण दिसत नाही, झाड आहे पण त्याला कड नाही.

आणि त्याने हातात घेतला लाल खडू. आता या खडूबद्दल जरा सविस्तर सांगते. फ्रेंचमध्ये याला सँग्वीन म्हणतात, रक्तावरून आलेलं नाव. वस्तू म्हणजे लोखंडाचा ऑक्साइड मिसळलेली नैसर्गिक माती, हेमॅटाइट. आपल्या भाषेत सांगायचं तर गेरूच्या घरातली. तुळशी वृंदावनाला लावतो तो गेरू, वारली भिंतीवर पांढऱ्या पिठाच्या चित्राखाली असतो तो गेरू, कोकणात आणि गोव्यात देवळांच्या भिंतींवर जिला काव म्हणतात ती लाल माती, सगळी एकाच गोतातली. फरक इतकाच की आपण ती पाण्यात कालवून पोतारतो आणि त्यांनी घट्ट, बारीक पोताच्या दगडातून कांड्या कापून, पितळी किंवा लोखंडी चिमट्यात धरून, कागदावर ओढल्या. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये याचं वेड होतं. इतकं की फ्रान्स्वा आणि देमार्तो या एन्ग्रेव्हर (प्लेट कोरून चित्रं छापणाऱ्या) लोकांनी 1750 च्या दशकापासून तांब्याच्या प्लेटवर दातेरी चाक फिरवून अगदी खडूसारखी दाणेदार रेघ छापायची पद्धत बसवली आणि बूशेची लाल ड्रॉइंग्ज छापून घरोघरी भिंतीवर गेली.

या खडूचे काही स्वभाव आहेत. कोळसा कागदावर हलका बसतो, झटकला तर जातो. लाल खडू चिकटतो. कागदाच्या धाग्यात शिरतो. आणि 1760 मध्ये खोडरबर नव्हताच, रबराने पेन्सिल खोडता येते हे 1770 च्या सुमारास इंग्लंडमध्ये लोकांच्या ध्यानात आलं. तोवर पावाच्या आतल्या मऊ भागाचा गोळा करून खोडायचे. त्याने कोळसा बऱ्यापैकी जातो, लाल खडू घासला की गुलाबी डाग राहतो आणि कागद मळतो. म्हणजे एकदा रेघ मारली की मारली.

माझा मुद्दा इथे आहे. जो माणूस खोडायच्या सवयीने अडकला होता त्याच्या हातात, सहा आठवडे, खोडता न येणारी वस्तू होती. हे कुणी मुद्दाम औषध म्हणून दिलेलं नाही, त्या काळात लँडस्केपसाठी लाल खडू ही नेहमीचीच गोष्ट होती, रोबेर तेच वापरत होता, अकादमीतले बाकीचेही. पण परिणाम मात्र कागदावर दिसतो.

कसा दिसतो ते सांगते. या कागदाचे फोटो मोठे करून बघा. झाडाला आउटलाइन नाहीये. सायप्रसची कड म्हणजे कुठेच एक सलग रेघ नाही, वळवळणाऱ्या, तुटक, एकावर एक चढलेल्या छोट्या रेघांचे झुबके आहेत आणि जिथे झुबके संपतात तिथे झाड संपतं. प्रकाश म्हणजे कोरा कागद. पांढरा रंग कुठेही लावलेला नाही, जिथे ऊन पडलंय तिथे त्याने हात लावायचा टाळलाय. बुंध्याच्या अंधारात खडू दाबून, बहुतेक ठिकाणी बोथट टोकाने, गडद लाल. मागच्या वाड्यावर तोच खडू इतका हलका की कागदाच्या दाण्यांच्या नुसत्या टोकांना लागलाय, त्यामुळे वाडा उन्हात धुरकट होऊन मागे सरकतो. लांबी-जवळीक दाखवायला वेगळा रंग लागला नाही, नुसता हाताचा दाब बदलला. आणि ते कोरे भाग आधी ठरवावे लागतात हे लक्षात घ्या, नंतर पांढरं करता येत नाही. म्हणजे जे झरझर, सहज वाटतं त्यात आधीच भरपूर विचार झालेला आहे, फक्त तो कागदावर खोडाखोडीच्या रूपात उरलेला नाही.

माझ्या वर्गात एक मुलगा होता, सातवीतला, हात सुंदर, पण रबर सोडायचा नाही. पान काढायचा, खोडायचा, परत काढायचा, कागदाला भोक पडायची वेळ यायची. एका शनिवारी मी सगळ्यांच्या पेन्सिली आणि रबर काढून घेतले आणि सँग्वीनच्या कांड्या दिल्या, आमच्या गल्लीच्या टोकाला पिंपळाचा पार आहे तिथे बसवलं. पहिला कागद त्याने फाडला. दुसऱ्यावर दोन रेघा मारून नुसता बसून राहिला, वीस मिनिटं, झाडाकडे बघत. मी काही बोलले नाही. तिसऱ्यावर त्याने पारापासून सुरुवात केली, खालून, आणि वर जाताना पानांसाठी हात नुसता फिरवत सुटला, चुकलेली एक फांदी तशीच सोडून तिच्यावरून दुसरी काढली. ते चित्र अजून माझ्याकडे आहे. एका मुलावरून फ्रागोनारचं काही सिद्ध होत नाही हे मला कळतं, पण ती वीस मिनिटं मी डोळ्यांनी पाहिलीयत आणि मारिएतचं वाक्य वाचताना तीच आठवतात.

परत 1760 कडे. 27 ऑगस्टला नातुआर मारीन्यींना लिहितात की सँ-नों दीड महिन्यापासून तिव्होलीला आहे, सोबत आपला विद्यार्थी फ्रागोनार, रसिक मजेत आहे आणि आपला तरुण कलाकार फार सुंदर अभ्यास करतोय, त्याचा त्याला उपयोग होईल आणि नावही होईल. पुढे असंही की या प्रकारच्या लँडस्केपची त्याला खास चव आहे, त्यात तो ग्रामीण प्रसंग घालतो आणि ते त्याला जमतात. दोन वर्षांपूर्वीचे संचालक आणि हे संचालक एकच आहेत, विद्यार्थी एकच आहे. पत्राचा सूर बघा किती बदलला.

आता प्रामाणिकपणे बाकीची कारणंही तोलली पाहिजेत, सगळं श्रेय खडूला देऊन मोकळं होणं बरोबर नाही. एक म्हणजे रोबेर. तो रोममध्ये आधीपासून होता, भग्न जागा लाल खडूने काढण्यात तरबेज होता आणि दोघांची दोस्ती होती, तेव्हा फ्रागोनारने त्याच्याकडून बरंच उचललं असणार. दोन म्हणजे स्वतः नातुआर, ते निसर्गचित्रांचे चाहते, स्वतः बाहेर जाऊन जागा काढायचे, विद्यार्थ्यांनाही उत्तेजन द्यायचे, म्हणजे ज्यांच्या तक्रारी आपण वाचतो त्यांनीच हे दारही उघडं ठेवलं होतं. तीन म्हणजे सँ-नोंने दिलेला मोकळा वेळ. राहायला जागा, खायला जेवण, काढायला बाग, आणि पॅरिसला पाठवायचं काही बंधन नाही. कॉपीचं काम मान मोडून करणाऱ्या माणसाला हे किती मोठं होतं! मला विचाराल तर हे तिसरं कारण खडूच्या बरोबरीचं आहे. रोबेरचा प्रभाव मात्र मी थोडा कमी धरते, कारण दोघांची लाल ड्रॉइंग्ज शेजारी ठेवली तर रोबेरची नजर दगडावर असते, कमान, खांब, कडा, तो झाडही काहीसं इमारतीसारखं बांधतो. फ्रागोनारच्या कागदावर झाड आधी आणि दगड त्याच्यात बुडालेला. एकच बाग, एकच खडू, तरी नजर वेगळी.

पुढच्या वर्षी जे झालं त्याने माझं मत आणखी पक्कं होतं. 1761 च्या एप्रिलमध्ये सँ-नोंने फ्रागोनारला घेऊन परतीचा प्रवास सुरू केला, फ्लोरेन्स, बोलोन्या, व्हेनिस असं करत सप्टेंबरमध्ये पॅरिस. वाटेत चर्च आणि महालांमधली मास्टर लोकांची चित्रं त्याने सँ-नोंसाठी शेकड्यांनी उतरवून घेतली, त्यातली बरीचशी आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आणि कॅलिफोर्नियाच्या नॉर्टन सायमन म्युझियममध्ये आहेत. आणि ती कशात? काळ्या खडूत. म्हणजे दुसऱ्याचं चित्र नोंदवायला काळा, आणि ज्या बागेत स्वतः बसला तिच्यासाठी लाल. हा फरक मला फार बोलका वाटतो.

या प्रकरणात एक गुंता आहे तोही सांगायला हवा, कारण म्युझियमवाले आणि खरेदी-विक्रीवाले लोक त्यात रोज अडकतात. लाल खडूच्या ड्रॉइंगचा ठसा काढता येतो. ओला कागद ड्रॉइंगवर ठेवायचा, प्रेसमधून काढायचा, की सुटा खडू ओल्या कागदावर उतरतो आणि उलटं चित्र मिळतं, आरशातल्यासारखं. याला फ्रेंचमध्ये काँत्र-एप्रूव म्हणतात, आपण उलटा ठसा म्हणू. रोबेरने असे ठसे ढिगाने काढले. कारणं बरीच, एक तर ड्रॉइंगवरची सुटी पूड निघून जाते आणि मूळ कागद अल्बममध्ये ठेवला तरी समोरच्या पानाला लागत नाही, शिवाय एकाच्या जागी दोन चित्रं, एक ठेवा एक द्या. चित्रकार कधीकधी ठशावर परत हात फिरवून तो जिवंत करायचा. आता अडीचशे वर्षांनी एखाद्या संग्रहात सहीशिवाय लाल लँडस्केप सापडलं की प्रश्न पडतो, हे फ्रागोनार की रोबेर, की त्यांच्या आसपासचा कुणी, आणि मूळ कागद की ठसा?

हे कसं ओळखायचं ते समजावं म्हणून मी घरी करून पाहिलं. पिंपळाच्या पाराचं माझंच एक लाल ड्रॉइंग घेतलं, दुसरा कागद भिजवून टॉवेलने टिपला, वर ठेवला आणि प्रेस नव्हता म्हणून पोळ्यांच्या लाटण्याने जोर लावून लाटला. सोलून बघितलं तर चित्र आलं होतं, फिकं, मऊ, आणि पार डावीकडचा उजवीकडे गेलेला. भिंगाखाली धरलं तेव्हा खरी गंमत कळली. मूळ कागदावर खडू दाण्यांच्या टोकांवर बसतो, मध्ये पांढरे खड्डे राहतात. ठशात तो दाणेदारपणा चपटा झाला होता, दमट पसरल्यासारखा. आणि शेडिंगच्या रेघा! मी उजव्या हाताची, माझ्या रेघा सहज मारल्या की डावीकडे खालून उजवीकडे वर झुकतात. ठशात सगळ्या उलट्या झुकल्या, जणू डावखुऱ्याने काढलंय. तज्ज्ञ लोक नेमक्या याच खुणा बघतात, शेडिंगचा कल, दाणे, प्रेसची दबलेली कड, आणि जागा ओळखीची असेल तर इमारत उलटी आहे का ते. तिव्होलीसारखी जागा याबाबतीत सोयीची, तिथले जिने आणि कारंजी आजही आहेत, जाऊन ताडून बघता येतं. माझं मूळ ड्रॉइंग लाटल्यानंतर थोडं फिकं पडलं हेही सांगते, म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वी ठसा काढलेला मूळ कागद आज जरा फिका दिसला तर त्याचं एक कारण हेही असू शकतं.

मग आता मुलांचा प्रश्न, फायनल कुठेय. फ्रागोनारने पॅरिसला आल्यावर 1765 मध्ये कोरेसुस आणि काल्लिरोए नावाचं प्रचंड मोठं ऐतिहासिक पद्धतीचं तैलचित्र सादर केलं, अकादमीत प्रवेश मिळाला, चित्र राजासाठी घेतलं गेलं, दिदरो या लेखक-समीक्षकाने त्यावर लांबलचक लिहिलं. आज ते लूव्हरमध्ये आहे. पण त्याच 1765 च्या सालोनमध्ये, म्हणजे अकादमीच्या मोठ्या प्रदर्शनात, त्या एवढ्या मोठ्या चित्राच्या बरोबरीने, कॅटलॉगमध्ये त्याच्या नावावर दोन ड्रॉइंग्जची नोंद आहे: तिव्होलीच्या व्हिला देस्तेची दृश्यं, मालक आबे द सँ-नों. ज्या प्रदर्शनातून करियर ठरायचं तिथे भिंतीवर लावायला दिलेली, मालकाचं नाव छापलेली ड्रॉइंग्ज. याला कच्चं काम कसं म्हणायचं? त्या काळच्या पॅरिसमध्ये ड्रॉइंग काचेखाली फ्रेम करून दिवाणखान्यात लावायची चांगली रीत होती, विकत घेणारे होते, त्यासाठीच काढणारे होते. शिवाय सायप्रसचं हे दृश्य फ्रागोनारने स्वतःच नंतर परत काढलं, तपकिरी वॉशमध्ये, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाने ब्रशने, ते व्हिएन्नाच्या अल्बर्टिनात आहे. म्हणजे लाल कागद हाच असा एक आधार झाला होता की ज्याच्यावरून वर्षांनंतरही नवं चित्र निघावं. तिव्होलीच्या बागेचा दुसरा एक कोपरा, वेलींनी झाकलेल्या कमानीसारख्या झाडांचा, त्याने छोट्या तैलचित्रात काढला, ते लंडनच्या वॉलेस कलेक्शनमध्ये आहे, आणि त्याचंच एचिंगही केलं. पण सायप्रसचं तैलचित्र म्हणून वेगळं काही शोधत बसायची गरज नाही.

इतिहासचित्रांचा रस्ता मात्र त्याने पुढे धरला नाही. कोरेसुसनंतर सगळ्यांना वाटलं आता मोठा ऐतिहासिक चित्रकार मिळाला, आणि तो गेला बागांकडे, झोपाळ्यांकडे, प्रेमिकांकडे. 1767 च्या सुमाराचा तो प्रसिद्ध झोपाळा घ्या, किंवा वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीतली दोन मोठी बागेची चित्रं घ्या, त्यात झाडं बघा, माणसांच्या डोक्यावर ढगासारखी चढलेली, कड नसलेली, खाली माणसं बारीक. ती तिव्होलीची आहेत, तिथे शिकलेली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्येही त्याचं एक लाल खडूचं लँडस्केप आहे, रानाच्या कडेला जमलेली माणसं, 1770 च्या दशकातलं म्हणून धरतात, म्हणजे तिव्होलीनंतर दहा-वीस वर्षांनी. त्यात पानांवरचा हात इतका मोकळा झालाय की क्षणभर वाटतं नुसतं ऊन काढलंय. पण मला तरी बेझाँसोंचा कागदच जास्त भिडतो, कारण मेटच्या कागदावर हात आधीच तयार आहे, आणि सायप्रसच्या कागदावर तो तयार होताना दिसतो, एखाद्या झुबक्यात जरा जास्त दाब, कुठे जरा घाई, आणि तसंच सोडून पुढे.

तो बेझाँसोंला कसा आला तेही सांगते. पिएर-आद्रियाँ पारीस नावाचा आर्किटेक्ट, बेझाँसोंचाच, राजाच्या समारंभांचे देखावे करणारा, इटली बघितलेला आणि ड्रॉइंग्जचा नादी. त्याच्या संग्रहात फ्रागोनारची तिव्होली आणि परिसराची दहा लाल लँडस्केप्स होती. 1819 मध्ये तो वारला आणि जाताना सगळा संग्रह आपल्या गावाला देऊन गेला. म्हणून हा सेट विखुरला नाही, एका उन्हाळ्याचं काम एकत्र राहिलं, आणि एक कागद बघताना त्याच्या शेजारचे नऊ बघता येतात. हे फार थोड्या ड्रॉइंग्जच्या नशिबी असतं. लिलावात एकेक कागद सुटा गेला असता तर आज आपण कुठला आधीचा कुठला नंतरचा याच्यावर वाद घालत बसलो असतो.

जायचा बेत असेल तर एक गोष्ट आधी समजून घ्या. हे कागद कायम भिंतीवर नसतात. लाल खडू उन्हाने उडत नाही, लोखंडाचा ऑक्साइड तो, आपल्या गेरूच्या भिंतीही वर्षानुवर्षं लालच राहतात, पण त्याच्या खालचा चिंध्यांपासून बनवलेला जुना कागद उजेडाने पिवळा, तपकिरी पडतो आणि कागद काळवंडला की फ्रागोनारचं ऊनच गेलं, कारण ते ऊन म्हणजे कोरा कागदच आहे. म्हणून प्रकाश 50 लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपास, मंद, प्रदर्शन काही महिने, आणि मग पुढची काही वर्षं आम्लमुक्त पुठ्ठ्याच्या चौकटीत, पेटीत, अंधारात. अ‍ॅक्रिलिकची काच लावायलाही लोक कचरतात कारण तिच्यावर स्थिर वीज जमते आणि सुटा खडू वर खेचला जाऊ शकतो. तेव्हा तिकीट काढायच्या आधी म्युझियमच्या ड्रॉइंग्ज विभागाला ईमेल करून विचारा, कागद बाहेर आहे का, आणि नसेल तर बघायला मिळण्यासाठी काय करावं लागतं. आणि समोर आलाच तर आधी दोन पावलं मागे उभं राहून झाडं बघा, मग जवळ जाऊन डावीकडच्या बुंध्याच्या पायथ्याशी खडू किती दाबलाय ते बघा.